बॉल आत होता, मॅडम

बॉल बाहेर पडला होता. चांगला तळहाताएवढा बाहेर. लाल मातीच्या कोर्टवर बॉल पडतो तिथे ठसा उठतो, म्हणून तिथे वादाला जागा नसते. ठसा समोर होता. रेषेची पांढरी पट्टी आणि ठसा यांच्या मधली कोरी माती दिसत होती. मी बोट वर केलं आणि म्हटलं, "आउट."

मी अकरा वर्षांची होते. जाळीपलीकडे केतकी होती, तीही अकराचीच. ती क्लबच्या मेंबरची मुलगी आणि मी क्लबच्या मार्करची. केतकीने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने बाजूला खुर्चीवर बसलेल्या आपल्या आईकडे बघितलं. या बाईंना सगळा क्लब मॅडम म्हणायचा. मॅडमनीही मला काही विचारलं नाही. त्यांनी माझ्या बापाला हाक मारली.

"बाळू, इकडे ये जरा. तुझ्या मुलीला नीट दिसत नाही का रे?"

बाप तेव्हा चाळिशीचा होता. मॅडम त्याच्यापेक्षा लहान. तो शेजारच्या कोर्टवर माती सारखी करत होता. हातातलं टाकून पळत आला, वाकला, ठसा बघितला. मला हायसं वाटलं. मातीवरचा ठसा कसा वाचायचा हे मला त्यानेच शिकवलं होतं. अख्ख्या नवी मुंबईत त्याच्याइतका ठसा वाचणारा माणूस नसेल, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

त्याने उजवा पाय पुढे केला आणि ठशावरून फिरवला. एकदा. परत एकदा. माती सपाट झाली.

"बॉल आत होता, मॅडम."

मग माझ्याकडे न बघता तो मला म्हणाला, "सॉरी म्हन."

मी म्हटलं. केतकी एव्हाना जाळीपाशी आली होती. बाप पाय फिरवायच्या आधी तिने ठसा पाहिला होता. तिला कळलं होतं. तरी ती म्हणाली, "इट्स ओके." तिने मला माफ केलं. अकरा वर्षांच्या मुलीने अकरा वर्षांच्या मुलीला मोठ्या मनाने माफ केलं, आणि मॅडम कौतुकाने हसल्या.

क्लबचं नाव सांगत नाही. दुसरा क्लब असता तरी हेच झालं असतं. मार्कर म्हणजे काय, ते मात्र सांगते. मेंबरला खेळायला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळण्यासाठी ठेवलेला पगारी माणूस. त्याने बॉल मारायचा तो मेंबरच्या हाताला येईल असा, कमरेच्या उंचीवर. मेंबरला पळवायचं, पण दमवायचं नाही. पहिला सेट अटीतटीचा करायचा आणि शेवटचा मेंबरला द्यायचा. आणि द्यायचा तो असा की आपण दिलाय हे त्याला कळता कामा नये. खरी कला तीच. माझा बाप त्या कलेत वाघ होता. पोट सुटलेले मेंबर त्याला हरवून धापा टाकत कँटीनमध्ये जायचे आणि आज बाळूला धुतला म्हणून लिंबू सरबत मागवायचे. बाप रोलरच्या शेडमागे नळाला तोंड लावायचा.

आणि मेंबरचा बॉल कधी बाहेर पडत नाही. पडलाच तर मार्करने तो आत धरायचा आणि वर 'गुड शॉट' म्हणायचं. हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. बापाला कोणी शिकवलंही नव्हतं. जालन्याकडच्या त्याच्या गावात असल्या बिनलिखित गोष्टी त्याने आईच्या दुधाबरोबर प्यायल्या होत्या. कुठल्या पाणवठ्यावर जायचं नाही, कोणाच्या ओट्यावर बसायचं नाही. गाव सोडून खाडीकाठी आला, तर इथे पांढऱ्या कपड्यात तेच.

आम्ही तेव्हा दिवाळे गावात एका खोलीत भाड्याने राहायचो. त्या दिवशी घरी जाताना बाप मला एवढंच म्हणाला, "ठसा मला बी दिसतो. पण आपल्याला दिसलेलं समदं बोलायचं नसतं." मला तो त्या क्षणी आवडेनासा झाला होता, आणि पुढची बरीच वर्षं आवडेनासाच राहिला.

गंमत म्हणजे त्या 'सॉरी'मुळे मी मॅडमना पसंत पडले. मुलगी वळणाची आहे, म्हणाल्या. केतकीला रोज खेळायला कोणीतरी हवंच होतं. त्या दिवसापासून पुढची सात वर्षं, शाळेआधी आणि शाळेनंतर, मी केतकीची भिंत झाले. फरक एवढाच की भिंतीवर बॉल मारला तर तो कुठेही उडतो, आणि मी तो बरोबर तिच्या फोरहँडला द्यायचे.

तिच्या प्रत्येक स्पर्धेआधी तिचा कोच मला सांगायचा की पुढची मुलगी कशी खेळते. कोणी उंच बॉल मारायची, कोणी कापून मारायची, एक तर दर दुसऱ्या बॉलला जाळीकडे धावायची. मी हुबेहूब तशी खेळायचे. महाराष्ट्रातल्या सगळ्या मुलींचा खेळ मला येत होता. माझा स्वतःचा कुठला, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. कोणी विचारलंही नाही.

हेवा म्हणजे काय ते मला कोणी शिकवायची गरज नाही. तिच्या बॅगेत सहा रॅकेटी असायच्या, त्याचा हेवा. तिची आई डब्यात केळ्याचे तुकडे करून आणायची आणि मधल्या वेळेत तिच्या तोंडात भरवायची, त्याचा हेवा. माझी आई तेव्हा सीवूड्समधल्या चार घरांत दुसऱ्यांच्या मुलांना भरवत होती. पण सगळ्यात जास्त हेवा मला वाटायचा तो केतकीच्या रागाचा. चुकली की ती रॅकेट जमिनीवर आपटायची, बॉल कुंपणाबाहेर भिरकावायची, ओरडायची. आणि कोच म्हणायचा, बघा, काय आग आहे पोरीत. माझ्यातही आग होती. पण मी रॅकेट आपटली असती तर तिला आग म्हटलं नसतं, माज म्हटलं असतं. शिवाय रॅकेट केतकीची जुनीच होती.

आमची घरमालकीण दिवाळ्याची कोळीण. दारात बसून बोंबील वाळत घालता घालता ती मला रोज विचारायची, आज कोण जिंकलं. मी रोज एकच उत्तर द्यायचे. एक दिवस ती वैतागली.

"रोज हरून येतंस. तुला खेलाला येत नाय, का ती तुला खेलू देत नाय?"

मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र काट्यासारखा अडकला. तोपर्यंत मला खरंच वाटत होतं की केतकी माझ्यापेक्षा चांगली खेळते.

अठराव्या वर्षी केतकी परदेशात सरावाला गेली. मॅडमही गेल्या. मी मोकळी झाले आणि कोणाला न विचारता पुण्याच्या एका छोट्या स्पर्धेत नाव दिलं. एसटीने गेले. एका लांबच्या मावशीकडे राहिले. समोरच्या मुली मला ओळखत नव्हत्या, मी मात्र त्यांना आतून-बाहेरून ओळखत होते. त्यांचाच खेळ तर सात वर्षं करून दाखवत होते. पात्रता फेरी पार केली, मुख्य फेरीत एक मॅच जिंकले आणि मला पहिला पॉइंट मिळाला. जगातल्या खेळाडूंच्या यादीत माझं नाव लागलं. पार तळाला, मोबाईलवर अंगठा दुखेपर्यंत खाली सरकवल्यावर. पण लागलं.

बापाला दाखवलं. त्याने मोबाईल लांब धरून नाव वाचलं, मग वर वर सरकवत गेला. बराच वेळ. मी विचारलं काय शोधताय. तो म्हणाला, केतकीबेबीचं नाव कुठं हाय ते बघतो. मी मोबाईल हिसकावून घेतला.

पुढची चार-पाच वर्षं माझं असंच चाललं. एक पाऊल वर, दोन खाली. टेनिसमधला पॉइंट वर्षभरच टिकतो. वर्ष झालं की तो गळून पडतो आणि तेवढाच नवा कमवावा लागतो. मनगट दुखावलं तेव्हा चार महिने गेले, आणि माझं नाव यादीतून उडालं. परत लागलं, परत उडालं. मधल्या काळात पोटापाण्यासाठी मी क्लबमध्ये मार्करच होते. बापाच्या शेजारच्या कोर्टवर. मेंबरांच्या बायका माझ्याशी खेळायला बघायच्या, कारण मी छान हरते अशी माझी ख्याती होती. आम्ही पनवेलजवळ करंजाड्याला राहायला गेलो ते तेव्हाच. वन रूम किचन, पण स्वतःचं.

आणि केतकी चढत होती. मी तिचा प्रत्येक स्कोअर बघायचे. ती कुठल्यातरी देशात, मला नाव उच्चारता येणार नाही अशा गावात खेळत असायची आणि मी करंजाड्याच्या बसथांब्यावर उभी राहून मोबाईलमध्ये तिचे आकडे हलताना बघायचे. ती जिंकली की माझी भूक मरायची. हरली की मी वडापाव खायचे, दोन खायचे. हे सांगायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. तिचे फोटो यायचे. मागे बर्फाचे डोंगर, पुढे तिचे दात. खाली लोक लिहायचे, मेहनतीला पर्याय नाही. मी ते वाचून पेटायचे. मेहनत मी बघितली होती. निम्मी माझी होती.

मग तिचा गुडघा गेला. मॅचमध्ये पाय वळला, ऑपरेशन झालं, जवळपास वर्षभर ती बाहेर बसली. तिचे पॉइंट एकेक करत गळाले. मला आनंद झाला. आम्ही देवाधर्माचं काही करत नाही, नाहीतर मी नारळ फोडला असता. आई म्हणाली, असं कोणाच्या दुखण्यावर हसू नये. मी म्हटलं, मी हसत नाहीये. हसतच होते.

केतकी परत आली ती थेट क्लबमध्ये. गुडघ्याला पट्टा, चेहरा उतरलेला. मॅडमनी मला बोलावलं. अगदी प्रेमाने बोलल्या. तुझ्याशिवाय तिला कोणाशी खेळायला कम्फर्टेबल वाटत नाही गं, म्हणाल्या. मला 'नाही' म्हणता आलं असतं. तेव्हा मी चांगली खेळत होते, मनगट बरं होतं, समोर हंगाम होता. पण मी हो म्हटलं. का म्हटलं ते सांगते. मला तिला लंगडताना जवळून बघायचं होतं.

तीन महिने मी तिला बॉल दिले. आधी हळू, मग जोरात. तिच्या गुडघ्याला जेवढं झेपेल तेवढंच पळवलं. बापाची सगळी कला वापरली. तिसऱ्या महिन्यात ती मला हरवायला लागली आणि तिचा चेहरा परत उजळला. मी तिला बरी केली. डॉक्टरने गुडघा बरा केला असेल, खेळाडू मी बरी केली. हे कळत असून करत होते. माझ्यासारखी मूर्ख मीच.

त्यानंतर आमच्याच शहरात स्पर्धा लागली. केतकीची यादीतली जागा गेली होती, म्हणून तिला पात्रता फेरी खेळावी लागली. मला तर नेहमीच लागते. दोघी एकेक मॅच जिंकत आलो आणि शेवटची मॅच आमच्या दोघींची लागली. जी जिंकेल ती मुख्य फेरीत. आयुष्यात पहिल्यांदा मी केतकीसमोर उभी होते आणि हरायचं काम मला कोणी दिलेलं नव्हतं.

पात्रतेच्या मॅचला प्रत्येक कोर्टवर पंच नसतो. एकच पंच तीन-चार कोर्टवर फिरत असतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. समोरच्याने ते मान्य करायचं. कोर्ट सिमेंटचं होतं, म्हणजे ठसाही नाही.

पहिला सेट तिने घेतला. दुसरा मी. तिसऱ्याऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक होता. मी नऊ, ती आठ. मॅच पॉइंट माझा. मला स्वच्छ दिसत होतं. मी तिला डाव्या कोपऱ्यात ढकललं, ती गुडघ्याला जपत पोचली, आणि तिने जीव खाऊन लांबचा बॉल मारला. तो माझ्या मागच्या रेषेच्या बाहेर पडला. चार बोटं. माझ्या पायाशी. मी त्याच्याकडेच बघत होते.

मी रॅकेट खाली घेतली आणि तोंडातून शब्द बाहेर पडले.

"गुड शॉट."

मीच म्हटलं. मोठ्याने, हसऱ्या आवाजात, मेंबरला म्हणतात तसं. शब्द बाहेर पडल्यावर मला कळलं की काय झालं. समोरचीचा बॉल आत म्हटला की आत. नंतर फिरवता येत नाही. नऊ-नऊ झाले. पुढचे दोन पॉइंट मी कसे खेळले आठवत नाही. अकरा-नऊ. जाळीपाशी केतकीने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "थँक्स यार." तेव्हा मला वाटलं होतं, तीन महिन्यांच्या सरावाबद्दल म्हणत असेल.

मी घरी आले आणि न्हाणीघरात बसून स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. खरंच. दोन्ही हातांनी. आई दार वाजवत होती.

केतकी त्या स्पर्धेत फायनलपर्यंत गेली. तिथून परत चढली. वर्षभरात आधी होती त्याच्याही वर पोचली. पेपरात तिच्यावर पानभर आलं, पुनरागमन वगैरे. माझं मात्र त्यानंतर काही खरं राहिलं नाही. कुठल्याही मॅचमध्ये बॉल रेषेजवळ पडला की माझी जीभ टाळूला चिकटायची. आउट म्हणावं तर खोटं बोलल्यासारखं वाटायचं, न म्हणावं तर पॉइंट जायचा. पहिल्याच फेरीत हरत राहिले. यादीतून पुन्हा नाव गेलं. मी क्लबमध्ये पूर्ण वेळ मार्कर झाले.

क्लबने केतकीचा सत्कार ठेवला. चार दिवस आधी मॅडमनी मला आणि बापाला कँटीनमध्ये बोलावलं. खुर्चीवर बसवलं. बाप इतक्या वर्षांत तिथे पहिल्यांदा बसला, तोही टोकावर. मॅडम म्हणाल्या, क्लब या वर्षीपासून खिलाडूवृत्तीचा पुरस्कार सुरू करतोय आणि पहिला तुला द्यायचं ठरलंय. शिवाय केतकीला पुढच्या हंगामात बरोबर फिरायला सरावाची जोडीदार हवीय. विमान, हॉटेल, सगळं. जग बघशील. मी विचारलं, मला तिथल्या स्पर्धा खेळता येतील का. त्या हसल्या. अगं, तू तिच्यासाठी येणार ना, म्हणाल्या. वेळ कुठे मिळणार तुला?

बाप घरी येईपर्यंत पाच जणांना सांगून मोकळा झाला होता की पोरगी फॉरेनला चालली. आणि मी? मी जाणार होते. खोटं कशाला बोलू. त्या बर्फाच्या डोंगरासमोर फोटो काढायची मलाही हौस होती. चार दिवस मी पासपोर्टच्या खटपटीत होते. खेळाडू व्हायचं होतं ते सोडून, खेळाडूच्या मागे मागे फिरायला मी तयार झाले होते.

सत्काराला हिरवळीवर खुर्च्या होत्या. बापाला इस्त्रीचा पांढरा गणवेश घालायला लावला होता आणि हातात तबक दिलं होतं. तबकात शाल, श्रीफळ आणि माझा पुरस्कार. स्वतःच्या मुलीच्या पुरस्काराचं तबक धरून तो बाजूला उभा होता. बसायला त्याला कोणी सांगितलं नाही.

केतकी बोलायला उभी राहिली. ती बोलते छान. सगळ्यांचे आभार मानले, मग माझ्याकडे हात केला. "हिच्यामुळे मी आज इथे आहे," ती म्हणाली. "त्या मॅचमध्ये मॅच पॉइंटला माझा बॉल बाहेर होता. मला दिसलं होतं. आणि ही म्हणाली, गुड शॉट! इतकं मोठं मन मी कोणाचं बघितलं नाही."

लोक हसले. मग टाळ्या. भरपूर टाळ्या. मॅडमनी डोळे पुसले.

'मला दिसलं होतं.' तिने ते माइकवर सांगितलं. लाज नाही, ओशाळणं नाही. तिला दिसलं होतं, मला दिसलं होतं. अकराव्या वर्षीही दोघींना दिसलं होतं. आणि दर वेळी ते तिचंच झालं होतं. आता तर ते मी प्रेमाने दिलं असं ठरवून, वर मला शाल घालणार होते. त्यांनी माझा पॉइंट घेतला तो घेतलाच, आता मला लावलेल्या वळणालाही माझा मोठेपणा म्हणत होते. म्हणजे पुढच्या मार्करच्या पोरीला हे सांगायला मोकळे, की बघ, ती कशी होती.

बाप तबक घेऊन पुढे आला. मी शाल घेतली नाही. माइक घेतला. मला भाषण येत नाही. मी जे बोलले ते एवढंच.

"माझं मन मोठं नाही. मला हिचा लहानपणापासून हेवा वाटतो, आजही वाटतो. तो बॉल मी हिला दिला नाही. मेंबरचा बॉल बाहेर म्हणायचा नाही, ही सवय तुम्ही मला इथे लावली. त्या सवयीने माझ्या तोंडून पॉइंट काढून नेला. हिला दिसलं होतं तर हिने तेव्हा सांगायचं. मला हा पुरस्कार नको. आणि मी हिच्याबरोबर जाणार नाही."

कोणी ओरडलं नाही. तिथे कोणी ओरडत नाही. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मॅडम हळू आवाजात बापाला म्हणाल्या, "बाळू, हिला घेऊन जा." केतकी माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा लाल झाला होता. रॅकेट हातात असती तर तिने आपटली असती. माझ्या हातात माइक होता. मी तो नीट जागेवर ठेवला आणि चालत फाटकाबाहेर गेले. बाप माझ्याबरोबर आला नाही. तबक ठेवायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. बापाला ठेवलं. माती त्याच्याइतकी कोणाला समजत नाही आणि रिटायर व्हायला त्याला थोडीच वर्षं उरलीत. त्याने मला शिव्या दिल्या नाहीत. पाठ थोपटली असंही नाही. जेवताना म्हणाला, "तू बोललीस, निघालीस. मला उद्या तिथंच जायाचंय." खरं होतं ते. त्याच्यापाशी त्याचं खरं होतं, माझ्यापाशी माझं. अजून तो रोज जातो. अजून गुड शॉट म्हणतो. तो मला आता समजतो, पण मी त्याच्यासारखी होणार नाही.

मी पनवेलला एका शाळेत मुलांना टेनिस शिकवते. दुपारी कडक उन्हात तिथलं सिमेंटचं कोर्ट रिकामं असतं. ते मला वापरायला मिळतं. सराव म्हणजे जुनं विसरायचा सराव. पंधरा वर्षं हरायची सवय लागलेल्या हाताला मी सांगतेय की बॉल समोरच्याच्या हातात द्यायचा नसतो, हातापासून लांब मारायचा असतो. हात ऐकत नाही. दहातले चार अजूनही बरोबर फोरहँडला जातात. एकटी सर्व्हिस मारताना मी 'आउट' असं ओरडते, मोठ्याने, हात वर करून. शाळेचा वॉचमन पहिल्यांदा धावत आला होता, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही काका, बोलायला शिकतेय.

सव्वीस वय काही खेळ सुरू करायचं वय नाही, हे मला कळतं. दोन स्पर्धा खेळले. पहिलीत पहिल्याच फेरीत गेले. दुसरीत पात्रता पार केली आणि मुख्य फेरीत तीन सेट लढून हरले. हेवा गेलेला नाही. केतकीचा स्कोअर मी अजून बघते आणि अजून माझ्या पोटात दुखतं. लोक म्हणतात हेवा वाईट. ज्याच्याकडे सगळं आहे त्याला तसं म्हणणं परवडतं. माझ्याकडे कोच नाही, फिजिओ नाही, सहा रॅकेटी नाहीत. हेवा आहे. मी त्याला हाकलणार नाही. तो मला भर दुपारी कोर्टवर उभं करतो.

गेल्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. जणू काही झालंच नाही अशा आवाजात. केतकीचं पुन्हा काही जमत नाहीये, सलग पाच मॅच हरली, घरी आलीय, कोणाशी बोलत नाही. झालं गेलं विसरून जा. तिला फक्त तुझ्याशी खेळायचंय. ये ना गं दोन आठवडे, तुझ्यासारखे बॉल तिला कोणी देत नाही.

मी ऐकून घेतलं. मला आनंद होत होता, तो लपवला नाही. मग म्हटलं, "मॅडम, बॉल द्यायला मी येणार नाही. पुढच्या महिन्यात पुण्यात स्पर्धा आहे, मी नाव दिलंय. तिला माझ्याशी खेळायचं असेल तर तिलाही नाव द्यायला सांगा."